बिनरक्ताचा मार

आंबिया बहाराचा संत्रा तोडीला आला की चांदूर बाजारच्या बाहेर, परतवाड्याच्या रस्त्याला लागून असलेल्या बापूसाहेबांच्या शेडमध्ये उजाडता उजाडता मशीन सुरू व्हायचं. एका टोकाला संत्रा ओतायचा. तो धुतला जायचा, फिरत्या ब्रशांखालून घासला जायचा, अंगाला मेण लावून घ्यायचा आणि चकाकत पट्ट्यावरून पुढे यायचा. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बाया उभ्या. मोठा इकडे, मध्यम तिकडे, डागी पायाशी ठेवलेल्या टोपलीत. मशीनची घरघर एवढी की शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागे. तरी बाया बोलत. कोणाची सून, कोणाचं जावळ, कोणाच्या वावरात डुकरं शिरली, सगळं त्या घरघरीवर आवाज चढवून चालायचं.

शालू खंडारे या पट्ट्यावर चार हंगामांची जुनी. तिच्या शेजारी वर्षाली, नुकतं लग्न होऊन गावात आलेली, आणि पलीकडे सत्यभामाबाई, सगळ्यांत वयस्क. मुकादम नत्थुजी हातात काठी नसलेला, पण काठी असल्यासारखा फिरणारा माणूस.

त्या दिवशी कलकत्त्याचा ट्रक लागला होता. माल जास्त, जागा कमी. भरलेल्या क्रेटच्या थप्प्या माणसाच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. ट्रक मागे येत होता. शालूनं पट्ट्यावरच्या एका संत्र्याकडे हात नेला, एवढं तिला आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते हे, की ती खाली जमिनीवर बसली आहे, भोवती संत्रे गडगडत आहेत आणि बायांची तोंडं वरून हलत आहेत. आवाज येत होता, पण आवाजाला शब्द नव्हते.

"लागलं काय वं?" सत्यभामाबाई खाली वाकली होती. "कुठं लागलं? रगत तं नाई दिसत."

शालूनं डोक्याच्या मागे हात फिरवला. हात कोरडा आला. तिला हसू आलं. सगळ्या एवढ्या घाबरलेल्या पाहून तिलाच लाजल्यासारखं झालं. "काई नाई झालं बाप्पा," म्हणत ती उठली.

"पानी पी अन् लाग कामाले," नत्थुजी म्हणाला. "ट्रक उभा हाय."

ती लागली. संत्रे येत होते. पण प्रत्येक संत्र्याच्या मागे आणखी एक संत्रा दिसत होता, सावलीसारखा. हात मारला की तो हाताला लागत नसे. मोठा कुठे टाकायचा, मध्यम कुठे, हे तिला एकाएकी कोणाला तरी विचारावंसं वाटलं. ती वर्षालीकडे वळली आणि वर्षालीचं नावच तोंडात येईना. मग पोटातून उमळून आलं आणि ती पट्ट्याजवळच ओकली.

क्रेटच्या टेम्पोत बसवून तिला घरी पाठवलं. रिकाम्या क्रेटच्या मधे बसून ती गावापर्यंत आली. संत्र्याच्या सालीचा वास टेम्पोभर कोंदलेला असायला हवा होता. तिला काही वास येत नव्हता, पण तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धर्मपालनं, तिच्या नवऱ्यानं, गवंड्याच्या हाताखालचं काम बुडवून तिला अमरावतीला सरकारी दवाखान्यात नेलं. उजेड तिच्या डोळ्यांत काट्यासारखा शिरत होता. पदर डोळ्यांवर ओढून, नवऱ्याचा दंड धरून ती आंधळ्यासारखी चालली. डोक्याचा फोटो निघाला. तरुण डॉक्टरीणबाईनं तो उजेडापुढे धरून पाहिला आणि म्हणाली, "फोटो चांगला आहे. आत रक्त नाही, हाड मोडलेलं नाही."

"मंग दुखते काहून जी?" धर्मपालनं विचारलं. "नावं इसरते. अंधारात बसून रायते. काल चुलीपाशी बसली अन् रडाले लागली. काहून रडतं म्हनलं, तं म्हने मले ठाऊक नाई."

डॉक्टरीणबाईनं टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि त्याला एक हिसका दिला. पाणी काठाशी चढलं, उतरलं, पुन्हा चढलं.

"पेला फुटला का?"

"नाई."

"पण पाणी बघा, अजून हलतंय. डोक्यात मेंदू असाच असतो, मऊ. मार बसला की तो आत हिंदकळतो. ते फोटोत दिसत नाही. त्याला शांत व्हायला वेळ द्यावा लागतो. आवाज नको, ऊन नको, ओझं नको, मोबाइल नको. मशीनवर तर मुळीच नको. घाई केली तर महिनोन् महिने लांबेल."

शालू पेल्याकडे पाहत राहिली. पाणी हळूहळू थांबत होतं. एवढ्या वर्षांत आपल्या डोक्यात काय आहे, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. डोकं म्हणजे केस विंचरायची, भारा ठेवायची जागा. परतीच्या बसमध्ये ती डोळे मिटून बसली. गाडी खड्ड्यात आदळली की तिचं सगळं अंग आकसून यायचं. मधे एकदा तिनं पदर जरासा वर करून पाहिलं. बस खचाखच भरली होती. दांडीला धरून उभी माणसं, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया, डुलक्या घेणारा एक म्हातारा. एवढी डोकी आणि प्रत्येकात ते मऊ, भरलेलं काहीतरी. त्यातच प्रत्येकाचं घर, गाव, पोरांची नावं, उतरायचा थांबा. आणि माणसं ते मानेवर घेऊन बिनधास्त हिंडत होती. तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. कौंडण्यपूरच्या जत्रेत लहानपणी पहिल्यांदा वर्धा नदीचं भरलं पात्र पाहिलं होतं, तेव्हा आला होता तसा.

धर्मपाल बापूसाहेबांच्या घरी गेला. बापूसाहेबांनी उमेदीत अमरावतीला वकिली केली होती. बोलणं मऊ, आवाज कधी वर जायचा नाही. ते ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. धर्मपाल पायऱ्यांखाली चपला काढून उभा राहिला. बस कोणी म्हटलं नाही.

"कशी आहे शालू?"

"साहेब, डॉक्टरनं आराम सांगतला. मेंदूले मार हाय म्हने."

"फोटो काढला असेल ना?"

"काढला."

"काय निघालं त्यात?"

"त्यात काई नाई निघालं जी, पन डॉक्टरीन म्हने का..."

"फोटोत काही नाही, डोक्यावर जखम नाही, टाका नाही." बापूसाहेबांनी झोपाळा पायानं थांबवला. "मग मार कुठला रे?"

"शेडमधी क्रेट पडला ना साहेब, तिच्या डोक्यावर. टेम्पोवाल्यानं आयकलं तिथं."

"तू होतास तिथे?"

"नाई जी."

"शालू काय सांगते? तिनं पाहिला क्रेट पडताना?"

 शालूला आठवत नव्हतं. हे धर्मपालनंच मघाशी, आत वर्दी द्यायला गेलेल्या नोकराजवळ भाबडेपणानं बोलून टाकलं होतं.

हिशोबाचं काही सांगायला नत्थुजी तिथंच आलेला होता. बापूसाहेबांनी त्याच्याकडे मान वळवली. "काय नत्थुजी, क्रेट पडला होता का?"

नत्थुजीनं आपल्या चपलांकडे पाहिलं. "बाईले चक्कर आली होती साहेब. थंडीचे दिवस, उपाशी येतात या."

"ऐकलंस? मी कोणाचं वाईट करत नाही, धर्मपाल. पण हंगाम कोणासाठी थांबत नाही. पुढच्या सोमवारी ती पट्ट्यावर दिसली तर तिची जागा तिची. नाहीतर मला दुसरी बाई लावावी लागेल. अन् गावात क्रेट-बिट बोलत फिरू नका. उगाच शेडचं नाव जातं."

धर्मपाल जय भीम, नमस्कार, काहीच न म्हणता चपला पायात घालून निघाला. चपला उलट्या पायांत घातल्या गेल्या होत्या, हे त्याला फाट्यापर्यंत कळलं नाही.

घरी त्यानं शालूला सगळं सांगितलं. लपवावं असं त्याच्या मनात होतं, पण त्याला लपवता येत नसे.

"नत्थुजी असं म्हनला?"

"म्हनला."

"मंग मले चक्करच आली असन का हो?"

"अवं, येडी झाली काय तू?"

"मले ठाऊकच नाई ना!" शालूनं कानशिलं दोन्ही हातांनी दाबली. "म्या हात नेला, अन् मंग खाली बसली होती. मधातलं नाईच. धुतल्यासारखं गेलं. आता ते म्हनतीन तेच खरं."

डोक्याचं दुखणं तिला सोसत होतं. हे सोसेना. आपल्याच बाबतीत घडलेली गोष्ट आपल्यापाशी नाही, आणि ती कशी घडली हे झोपाळ्यावर बसलेला माणूस ठरवणार.

पार्बताबाई, तिची सासू, कोपऱ्यात ऐकत होती. ती जास्त बोलणारी नव्हती. उठली, बाहेर गेली आणि बकरीच्या गळ्यातल्या घंटीला चिंधी बांधून आली. मग तिनं घरातली भांडी एकेक करून गोधडीच्या तुकड्यांवर मांडली. भाकरी थापायला ती परसात, भिंतीच्या आड जाऊन बसू लागली. त्या घरात कोणी कोणाला ओरडून हाक मारायचं बंद झालं. हाक मारायची तर जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा.

शालू अंधाऱ्या खोलीत पडून असायची. सुरुवातीचे दिवस नुसते झोपेत गेले. मग झोप पातळ झाली आणि तिला एकेक गोष्ट परत येताना दिसू लागली. एका दुपारी कुंपणावरच्या पाखराचं नाव तिला आठवलं. साळुंकी. तिनं ते तीन-चारदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. एकदा ती ताट धुवायला बसली, आणि हात आपोआप राख घेऊन गोल फिरू लागले. ती थांबून त्या हातांकडे पाहत राहिली. कोणी सांगितलं यांना? आपण तर विसरलो होतो. मग हे कुठं राहिलं होतं?

वास गेल्याचं तिला सोल्याच्या भाजीवरून कळलं होतं. ओल्या तुरीचे दाणे, लसूण, हिरवी मिरची, सारं तिखट-मिठाचं लागत होतं, पण त्याला रूप नव्हतं. तिनं कोणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी पार्बताबाई परसात तुरीच्या शेंगा भाजत असताना एकाएकी धूर तिच्या नाकात शिरला. नुसता धूर, करपट, कडवट. शालू पांघरूण टाकून उठली, भिंत धरत परसात आली आणि त्या धुरात तोंड घालून उभी राहिली.

"अवं, धूर डोयात जाईन!" पार्बताबाई म्हणाली.

"जाऊ द्या मामी," शालू सासूला म्हणाली. "येऊन राहिला."

"काय येऊन राहिलं?"

"वास येऊन राहिला."

 सासूनं मूठभर शेंगा आणखी विस्तवात टाकल्या.

गल्लीच्या तोंडाशी विहार होता. संध्याकाळच्या वंदनेचा भोंगा शालूच्या डोक्यात घणासारखा पडायचा. ती उशीत तोंड खुपसून तो संपायची वाट पाहायची. बंद करा म्हणायची तिची छाती नव्हती, धर्मपालचीही नव्हती. कसं म्हणावं? पण एका संध्याकाळी भोंगा वाजलाच नाही. शालूनं उशीतून डोकं काढलं. दुरून, फार हळू, काहीतरी उठत होतं. शेतातून, कामावरून आलेली माणसं, म्हाताऱ्या, पोरी, सगळी विहारात बसून हलक्या गळ्यानं म्हणत होती. बुद्धं सरणं गच्छामि. एवढ्या माणसांचा आवाज आणि एवढा मऊ, जणू सगळं गाव एका निजलेल्या लेकराजवळ बसलं आहे. शालूनं आजवर ती वंदना हजारदा म्हटली होती. ती अशी ऐकली नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि या खेपेला काहून रडून राहिली हे तिला ठाऊक होतं.

भोंगा कोणी बंद करायला लावला, हे नंतरही कळलं नाही. धर्मपाल म्हणाला, मी नाही. पार्बताबाई म्हणाली, मले काय ठाऊक.

वर्षाली एकदा येऊन गेली. ओट्यावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "बरं हाय काय तुले?" एवढं विचारलं आणि एकदम रडायला लागली. शालूनं तिचा हात धरला तर हात सोडवून उठली आणि निघून गेली. आणलेली बोरं ओट्यावरच राहिली.

तो सोमवार आला. शालू न्हाऊन तयार झाली तेव्हा धर्मपाल दारात आडवा आला.

"डॉक्टरीन काय म्हनली, इसरली काय? मरू दे ते काम."

"कामाले नाई चालली. इचाराले चालली."

"कोनाले इचारतं?"

"सगळ्याईले."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग बाजूला झाला आणि गवंड्याला फोन न करताच तिच्याबरोबर निघाला.

कानांत कापसाचे बोळे, त्यावर ओढणी, डोळ्यांवर पदर. फाट्यावरून शेडपर्यंत शालू रस्त्याच्या कडेनं बाभळींच्या सावल्या धरत चालली. शेडच्या दाराशी आल्याबरोबर घरघर अंगावर आली. भिंतच येऊन आदळावी तशी. तिचे पाय तिथंच थांबले. पट्टा वाहत होता, पिवळं नुसतं पिवळं, आणि ते सगळं तिच्या डोळ्यांपुढे तिरपं होऊ लागलं. धर्मपालनं तिला मागून धरलं.

बापूसाहेब आत होते. ट्रक भरला जात होता म्हणून ते स्वतः आले होते. तिला पाहून त्यांनी नत्थुजीला खूण केली, की घे हिला पट्ट्यावर. शालू दोन पावलं आत आली आणि काही बोलली. तोंड हललं, शब्द कोणाला ऐकू आला नाही. ती पुन्हा बोलली. ओरडायची ताकद तिच्यात नव्हती. ओरडली असती तर तिचंच डोकं फुटलं असतं. ती तशीच उभी राहिली, तोंड हलवत.

मशीनच्या खांबाला लाल बटण होतं. ते नत्थुजीचं. बायांचा हात त्याला कधी लागला नव्हता. बटणाच्या सगळ्यांत जवळ वर्षाली उभी होती. तिनं हातातला संत्रा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसला आणि तळव्यानं ते बटण दाबलं.

पट्टा थांबला. ब्रश दोन-चार गिरक्या घेऊन थांबले. शेडमध्ये अशी शांतता पडली की टिनावर चालणाऱ्या कबुतरांची नखं ऐकू आली.

"कोणी बंद केलं?" बापूसाहेबांनी विचारलं.

वर्षालीचा हात अजून बटणावरच होता. सत्यभामाबाई पट्ट्यापासून मागे सरली, मग तिच्या पलीकडची, मग सगळ्याच.

"बोल शालू," सत्यभामाबाई म्हणाली. "आता बोल."

शालूनं ओढणी जराशी मागे केली. "मले आठोत नाई," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, पण शेडच्या त्या टोकापर्यंत गेला. "मले चक्कर आली का क्रेट पडला, मले खरंच ठाऊक नाई. तुमी होत्या. तुमी सांगा. चक्कर आली असन तं चक्कर म्हना, मी घरी जातो. पन सांगा बाप्पा कोनी तरी."

बापूसाहेब हलकंसं हसले. "कोणी पाहिलं असेल तर जरूर सांगावं. मी कुठं नाही म्हणतो?" ते एकेका बाईकडे पाहत गेले. ती नजर जिच्यावर पडे तिची मान खाली जाई.

ती वर्षालीवर आली. वर्षालीची मान खाली गेली नाही.

"मी पाह्यलं," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "ट्रक मांगं येता येता खांबाले धडकला. थप्पी हालली. वरचा क्रेट माह्यावर येत होता, साहेब. माह्यावर. माही पाठ होती तिकडं. इनं मले ढकललं."

शालू तिच्याकडे पाहत राहिली.

"मी तिकडं जाऊन पडली. क्रेट इच्या डोक्यावर आला. मले जागा जाईन असं वाटलं म्हनून मी गप्प रायली. माहं डोस्कं गेलं असतं, अन् मी गप्प रायली."

"म्या आवाज आयकला," सत्यभामाबाई म्हणाली. "नारळ फोडल्यावानी. अन् ढकलताना पाह्यलं बी."

"मी बी पाह्यलं," पलीकडून कोणी म्हणालं. "दोन्ही हातानं ढकललं तिनं." "तिच्या हातातला संत्रा माह्या पायापाशी आलता." "क्रेट मी उचलला मांगून. एका बाजूनं फुटलता." एकीचं संपलं की दुसरीचं. ज्या घटकेची शालूच्या डोक्यात चिंधीही उरली नव्हती, ती या बायांनी वाटून घेऊन, आपापल्या डोक्यात जपून ठेवली होती, आणि आता एकेक तुकडा काढून तिच्यापुढे मांडत होत्या.

बापूसाहेब नत्थुजीकडे वळले. आवाज अजूनही मऊच होता. "नत्थुजी?"

नत्थुजीनं थप्प्यांकडे पाहिलं. "पडलता साहेब," तो म्हणाला. "थप्पीले दोर नोता बांधला. टाइम जाते म्हनून तुमीच नाई म्हनलं होतं."

बाहेर ट्रकच्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. अर्ध्या भरलेल्या ट्रककडे, थांबलेल्या पट्ट्याकडे, मागे सरून उभ्या राहिलेल्या बायांकडे बापूसाहेबांनी पाहिलं. कोर्टातली त्यांची सगळी वर्षं त्यांना सांगत असावीत की एकदा उलटलेला साक्षीदार परत येत नाही.

"डॉक्टर म्हणतील तोवर घरी राहू दे तिला," ते म्हणाले. "जागा तिचीच राहील. मजुरीही. दवाखान्याचं माझ्याकडे." हे ते शालूला नव्हे, धर्मपालला म्हणाले. मग जरा थांबून, "अन् थप्प्यांना दोर बांधा," आणि मोटारीत बसून निघून गेले. चुकलं असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, पुढेही कधी म्हणाले नाहीत. आभाळ भरून आलं की शालूचं डोकं पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठणकत राहिलं. पण तेव्हा, त्या शेडमध्ये, ती यातलं काहीच ऐकत नव्हती.

ती आपले हात पाहत होती. तळवे उलटे, सुलटे. सालीनं पिवळटलेली बोटं, अंगठ्याजवळचं जुनं कापलेलं. याच हातांनी? आपल्याला न विचारता?

सत्यभामाबाईनं एक क्रेट उलटा करून तिला त्यावर बसवलं. वर्षाली समोर येऊन उकिडवी बसली. शालूनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, जणू तो खरंच शाबूत आहे की नाही हे चाचपून पाहत होती.

"पुन्हा सांग वं," ती म्हणाली. "पयल्यापासून सांग. सावकाश."

वर्षालीनं सांगायला सुरुवात केली. नत्थुजी बटणापाशी जाऊन उभा राहिला होता. त्याचा हात वर गेला, आणि मग त्यानं तो खाली घेतला. तोही ऐकू लागला.